रेवदंड्याकडचा मलिदा

काल पुतण्याच्या साखरपुड्याचा मलिदा झाला, गावातल्याच घरी. मलिदा म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंचा, बेने इस्राएलांचा, एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलिया) नावानं होणारा प्रार्थना-प्रसादाचा विधी. मुंबईत हॉल घेऊ म्हणणाऱ्यांना काकींनी एका वाक्यात गप्प केलं, "एलियाहू हन्नाबी हॉलमध्ये येत नाही रे!"

पहाटेपासून पोहे भिजवणं चालू होतं. गूळ, ओलं खोबरं, वेलची. ताटात वर फळं आणि सब्ज्याची डहाळी. खोबरं खवायला शेजारच्या कोळणी मावशी आल्या होत्या, त्यांना आमचा क्रम आमच्या पोरांपेक्षा जास्त पाठ. "आधी प्रार्थना, मग हात लावायचा," म्हणत त्यांनीच पोरांना दटावलं.

मिनियानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या जमावाला, दहा पुरुष हवेत. पूर्वी आळीतच जमायचे म्हणे, आता पनवेल-ठाण्याहून गाड्या येईपर्यंत थांबावं लागतं. एकजण वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, तेवढ्यात दोनदा चहा झाला. बाकीचं अर्धं कुटुंब इस्रायलमध्ये, तिथून व्हिडिओ कॉलवर मराठीतच आरडाओरडा, "फोन जरा वर धर, ताट दिसत नाहीये!"

नव्या सुनेच्या माहेरच्या एका पाहुण्यांनी विचारलं, तुम्ही नेमके कोण? मी काही बोलायच्या आत मावशींनी उत्तर दिलं, "शनवार तेली हो. शनवारी घाणा बंद ठेवायचे ते." खरं तर घाणा आमच्या पणजोबांनंतर कुणी चालवलेलाच नाही. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण गावात ओळख अजून तेलावरच चालते. मला तरी ती सरकारी कागदापेक्षा आवडते.

जेवणात नारळाच्या दुधातलं मटण होतं. रेसिपी मागू नका, काकी देत नाहीत.