आमची वाटचाल: अडकलेली टाकी आणि दहा पेट्या

आम्ही वाईन करतो, आणि आजोबांनी लावलेल्या द्राक्षवेली अजून उभ्या आहेत. त्यांच्या ओळींत तणनाशक कधी गेलं नाही. केवडा आणि भुरी हे वेलीचे बुरशीजन्य रोग; केवड्याला बोर्डो मिश्रण, भुरीला गंधक, एवढंच. बोर्डो 1885 पासून जगाला माहीत आहे, तरी नव्या लोकांना सांगावं लागतं: मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, मग एकत्र करा आणि त्याच दिवशी फवारा. तांबं मातीत साठत जातं, म्हणून हात आखडता ठेवा.

बरीच वर्षं नीट गेली. एक हंगाम मात्र विसरता येत नाही.

त्या वर्षी उन्हात तोडणी लांबली आणि रस 25 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आला. आम्ही विकतचं यीस्ट टाकत नाही, सालीवर आणि तळघरात जे असतं त्यावरच रस आंबतो. सहाव्या दिवशी टाकीचं तापमान 35 अंशांपुढे गेलं आणि हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजायचं साधन, 1.030 वर अडकला: साखर उरली होती आणि आंबणं थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चूक माझी होती. रात्रीची साल दाबायची पाळी मी दोनदा चुकवली होती. साल वर तरंगून घट्ट थर धरते आणि उष्णता कोंडते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

शेजारच्या मोठ्या वायनरीने निरोप पाठवला: टाकी ब्रँडी काढायला द्या, भाव आम्ही ठरवू. वर आमच्याच गिऱ्हाइकांना सांगत सुटले की यांची वाईन शिरका झाली. आज त्यांच्या लेबलवर ‘नैसर्गिक’ असं ठळक छापलेलं आहे. हे मला अजून बोचतं.

ती अफवा ऐकून वडिलांच्या वेळेपासूनच्या एक गिऱ्हाईक बाई थेट तळघरात आल्या. पेल्यात थोडी काढून घेतली, वास घेतला, घोट घेतला. “गोड आहे, शिरका नाही. उतरली की दहा पेट्या माझ्या,” म्हणाल्या आणि पैसे तिथेच मोजून दिले.

उशिरा तोडलेल्या ओळीचं एक पिंप अजून जोमात फसफसत होतं. वडिलांनी तेच विरजण धरलं. त्यात अडकलेली वाईन थोडी घातली, काटा उतरायची वाट पाहिली, मग जेवढं पिंपात होतं तेवढीच पुन्हा. घाई केलीत तर विरजणही मरतं, त्यामुळे अडकलेल्या टाकीत भसकन यीस्ट ओतू नका. एकविसाव्या दिवशी हायड्रोमीटर 0.996 वर आला, म्हणजे साखर उतरली. वडील काचेची नळी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ उभे होते.

बाई आता येत नाहीत, त्यांचा मुलगा येतो. आम्ही दहा पेट्या पहिल्या बाटल्यांतूनच बाजूला काढतो, त्यावर नाव अजून बाईंचंच लिहितो.