छत्रपती संभाजीनगर नापास, सात जिल्हे पास: विंडोजवरच्या चाचणीचा उलगडा

मराठवाड्यातील गावांची नावे अकारविल्हे लावणाऱ्या माझ्या पायथन प्रोग्रामची जी चाचणी तीन आठवडे केवळ विंडोजवर अडून बसली होती, तिचे मूळ काल रात्री सापडले. मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे माझ्या लिनक्सवर आठही जिल्ह्यांच्या चाचण्या हिरव्या होत्या. भाच्याच्या विंडोज लॅपटॉपवर मात्र छत्रपती संभाजीनगर तेवढे दर वेळी नापास होत होते.

आठ नावांत मोकळी जागा असलेले हे एकच नाव, म्हणून माझा सारा संशय त्या जागेवर होता. फाईलच्या नावात अधोरेषा घातली, फोल्डर बदलले, पायथन नव्याने बसवले, तरी चाचण्या चालवणाऱ्या पायटेस्टचा निरोप तोच राहिला: आठव्या स्थानावरचा ८डी (सोळा-आधारी पद्धतीने लिहिलेला अंक) हा बाइट उलगडत नाही. शेवटी नाव कागदावर बाइटनिशी मांडले. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि मोजणी शून्यापासून होते. म्हणजे छ ० ते २, त ३ ते ५, आणि ६ ते ८ वर ‘त्र’मधला हलन्त, ज्याचा शेवटचा बाइट ८डी. आठ नावांत जोडाक्षरही याच एका नावात आहे, हे इतके दिवस माझ्या नजरेतून निसटले होते.

दोष जोडाक्षरांचा आहे असे धरून तालुके तपासायला घेतले, तर तुळजापूर नापास झाले. तिथे जोडाक्षर नाही. गाडी ‘तु’च्या उकारावर, ८१ या बाइटपाशी अडली होती. तेव्हा खरे कारण कळले. एन्कोडिंग न सांगता फाईल उघडली, की विंडोजवर पायथन यंत्रणेचे जुने कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता) वापरते. या लॅपटॉपवर ते १२५२ आहे, आणि त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० व ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. हलन्त आणि ऱ्हस्व उकाराप्रमाणेच ए, ऐ आणि झ हेही तिथेच अडतात. खात्रीसाठी २०२३ च्या नामांतराआधीची नावे घालून पाहिली: औरंगाबाद पास झाले, उस्मानाबाद ‘स्मा’वर अडकले. ते पाहून फार समाधान वाटले.

मात्र पास झालेल्या सात जिल्ह्यांनी मला अधिक अस्वस्थ केले. ‘बीड’च्या तीन चिन्हांची नऊ परकी चिन्हे होत होती; पण माझी चाचणी वाचलेला मजकूर पुन्हा लिहून मूळ फाईलशी ताडत असल्यामुळे वाचताना झालेली चूक लिहिताना पुसली जात होती. मजकूर उघडून पाहण्याच्या टेक्स्ट एडिटरचाही उपयोग झाला नाही, कारण तो स्वतः यूटीएफ-८ धरून सर्व काही बरोबर दाखवत राहिला. अशा कामाला बाइट दाखवणारे साधे हेक्सडंपच हवे, असे माझे ठाम मत झाले आहे.

फाईल उघडण्याच्या प्रत्येक ठिकाणी हाताने यूटीएफ-८ लिहिण्याचा बेत होता, पण ही नोंद लिहितानाच दुसरा मार्ग सुचला. पायथन ३.१० पासून एन्कोडिंग न दिल्यास इशारा मिळण्याची सोय आहे. ती लिनक्सवरच सुरू करून इशाऱ्याला चूक मानले, तर भाच्याच्या लॅपटॉपची वाट पाहावी लागणार नाही. लगेच करून पाहिले, तेव्हा ११ ठिकाणे लाल झाली, आणि त्यांतील दोन खुद्द चाचणीच्याच फाईलमध्ये आहेत. आधी ती दोन दुरुस्त करतो.