तुम्ही विचारलंत म्हणून: मी पार्ट्सची यादी का देत नाही

"कमी पैशांत व्हिडिओ एडिटिंगसाठी पीसी जोडायचाय, काय काय घेऊ?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारलाय, ओळखीपाळखीच्यांनी विचारलाय, ज्यांच्याशी आधी कधी एक शब्द बोलले नव्हते त्यांनीही विचारलाय. मी उलट विचारते, "फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं? सेटिंग काय असतं?" आणि तिथेच बिनसतं. समोरच्याला वाटतं ही टाळतेय, नाहीतर भाव खातेय. यादी मागितली तर यादी द्यावी, चौकशी कशाला?

म्हणून एकदाचं लिहून टाकते. कोअर म्हणजे काय, रॅम कशाला लागते, हे सांगत बसणार नाही. विचारणाऱ्यांना ते पाठ असतं. बाजारात नवं ग्राफिक्स कार्ड आलं की त्याचं नाव मला त्यांच्याकडूनच कळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मशिन फाइलवरून ठरतं. 'एडिटिंग' असं एक काम नसतंच. फोनवर शूट केलेलं साधं ८ बिट, ४:२:० एच.२६४ आणि मिररलेस कॅमेऱ्याचं १० बिट, ४:२:२ एच.२६५ ही दोन्ही टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप मांडतो तिथे, सारखीच दिसतात, पण मशिनला ती पार वेगळी पडतात. (बिट म्हणजे रंगाच्या छटा किती बारीक, ४:२:० किंवा ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती किती ठेवली, आणि एच.२६४, एच.२६५ म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती.) आणि फाइलच्या आकारावरून हे कळत नाही, हीच गोम आहे. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे जेमतेम साडेबारा मेगाबाइट. एवढं तर जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा सहज पुरवते. तरी लोक सगळ्यात वेगवान एनव्हीएमई एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) घेतात आणि प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची सरकती रेघ, अडकला की तिच्याकडेच संशयाने बघतात.

भार डिस्कवरून फाइल वाचण्याचा नसतो, ती उलगडण्याचा असतो. कॅमेरा जागा वाचवायला प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. रोजचं फक्त आलं-गेलं लिहायचं आणि शिल्लक महिन्यातून एकदाच मांडायची, अशा वहीसारखं ते असतं. १७ तारखेची शिल्लक हवी तर १ तारखेपासून बेरीज करत या. सरळ प्ले केलं तर ती बेरीज ओघात होत जाते. पण एडिटिंग म्हणजे मागे जा, पुढे उडी मार, दोन फ्रेम अलीकडे कापून बघ. प्रत्येक वेळी नवी बेरीज. प्रोरेझ किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फाइल-प्रकारांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून फाइल अवाढव्य असूनही हात हलका चालतो.

ही बेरीज करायला चिपमध्ये वेगळा भाग असतो. इंटेलने २०११ साली क्विक सिंक आणलं ते हेच. एनव्हिडियाच्या कार्डात असतो, एएमडीच्याही असतो. पण हा भाग ठरावीक प्रकारच्याच फाइली ओळखतो. ओळखीची असली तर झटक्यात, नसली तर हात वर, आणि सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर. थोडंफार जमलं असं काही नसतं त्यात.

आता माझ्या मावसभावाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझं हे असं का झालंय ते कळायचं नाही.

त्याने बराच काळ पैसे साठवले होते. मला फोन केला, "ताई, एडिटिंगचा पीसी घेतोय, यादी दे." मी विचारलं, शूट कशावर करतोस? त्याने कॅमेऱ्याचं नाव सांगितलं. मी विचारलं, रेकॉर्डिंगचं सेटिंग? "ते बघावं लागेल. चांगल्यातलं चांगलं ठेवतो." म्हटलं, बघून सांग, त्यावर सगळं अवलंबून आहे. तो हो म्हणाला आणि सांगितलं नाही. पुढे कळलं की त्याने दुसरीकडून यादी घेऊन मशिन उभंसुद्धा केलं. यादी वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगते. दणकट ग्राफिक्स कार्ड, एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या आधीचं. त्यासाठी पैसे उरावेत म्हणून नावाच्या शेवटी 'एफ' असलेला इंटेलचा प्रोसेसर. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, म्हणून स्वस्त. आता एवढं कार्ड घेतल्यावर आतलं ग्राफिक्स हवंय कुणाला? गेमिंगसाठी हा हिशोब अगदी चोख आहे.

काम द्यायच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मी गेले. दोन कॅमेऱ्यांवर घेतलेली एका म्हाताऱ्या वादकाची मुलाखत होती, त्यात कट मारायचे आणि आवाज जुळवायचा, बस. प्ले दाबलं की आवाज पुढे जायचा आणि चित्र गोठायचं. बोटं एका ठिकाणी, तोंडातला शब्द भलत्या ठिकाणी. तो सारखा ड्रायव्हर अपडेट करत होता, पीसी बंद-चालू करत होता, टाइमलाइनचं रिझोल्यूशन अर्धं करत होता. मी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा आलेख वरच्या कडेला चिकटलेला. ग्राफिक्स कार्डाच्या पानावर चार छोटे आलेख असतात, त्यातल्या 'व्हिडिओ डिकोड', म्हणजे उलगडणं, नावाच्या चौकटीवर बोट ठेवलं. सपाट रेघ. सगळ्या मशिनमधला सगळ्यात महाग तुकडा, पंखेसुद्धा फिरत नव्हते.

फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकली. एचईव्हीसी (म्हणजे एच.२६५च), १० बिट, ४:२:२. त्याच्या कार्डाला ४:२:२ उलगडता येत नव्हतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ते ५० मालिकेपासून, २०२५ मध्ये आलं. इंटेलच्या क्विक सिंकला ते अकराव्या पिढीपासून येतं. म्हणजे ज्याला आलं असतं तो भाग 'एफ'मुळे नव्हता, आणि जे कार्ड होतं त्याला येत नव्हतं. थोडे पैसे वाचवायला काढलेला तुकडाच नेमका कामाचा होता.

प्रॉक्सी बनवायला लावल्या, म्हणजे त्याच फाइलींच्या हलक्या प्रती. त्यावर कापायचं, शेवटी मूळ फाइलवरून एक्सपोर्ट. पण प्रॉक्सी बनवायलाही मूळ फाइल उलगडावीच लागते, आणि ती उलगडणार प्रोसेसरच. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तो खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. मधेच म्हणाला, "म्हणजे हे कार्ड मी उगाच घेतलं?" उगाच नाही म्हटलं. कलर ग्रेडिंग (रंग ठरवणं), ब्लर, नॉइज (चित्रातले दाणे) काढणं, इफेक्ट, हे सगळं कार्डच करतं. "मी यातलं काय करतो?" मुलाखती कापणारा माणूस यातलं फारसं काही करत नाही. मी गप्प बसले.

मग तो जे म्हणाला ते अजून खुपतं. "तुला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?"

मी विचारलं होतं! सेटिंग काय, हा एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर आलं नव्हतं. हे मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. तो म्हणाला, "तू विचारलंस. का विचारतेयस ते नाही सांगितलंस. मला वाटलं तुला द्यायचीच नाहीये यादी." यावर मी खूप विचार केलाय. कधी वाटतं त्याचं बरोबर आहे. 'तुझ्या कॅमेऱ्याचं ४:२:२ बहुतेक कार्डांना उलगडत नाही' हे एक वाक्य टाकायला काय जात होतं? पण तेव्हा मला ते ४:२:२ आहे हेच माहीत नव्हतं. त्या कॅमेऱ्यात ४:२:० सुद्धा निवडता येतं, आणि ते निवडलं असतं तर त्याचं कार्ड सुरळीत धावलं असतं आणि ती यादी लाखमोलाची ठरली असती. मग मी सगळ्या शक्यतांचं व्याख्यान द्यायला हवं होतं का? दिलं असतं तर त्याने ऐकलं असतं का? तो म्हणतो ऐकलं असतं. मला शंका आहे.

काम वेळेत गेलं, तेवढं सांगून टाकते. प्रॉक्सी तयार झाल्यावर तेच मशिन लोण्यासारखं चाललं.

यावर कुणी म्हणेल, मग सरळ प्रॉक्सीच वापरा की, मशिन कुठलं का असेना! हेच बरेच जण म्हणतात आणि हल्ली मीही म्हणते. पूर्वीची मी मात्र यावर तुटून पडायची. प्रॉक्सी म्हणजे गरिबाचं मशिन, मूळ फाइलवर कापता येत नसेल तर पीसी घेतलाच कशाला, असली माझी भाषा होती. ती मी आत्ता समोर आली तर तिला सांगेन की फोकस किंचित चुकलाय की नाही हे सोडलं तर कापताना मूळ फाइल लागत नाही. त्यावर ती म्हणेल, आणि संध्याकाळी शूट संपून रात्री काम द्यायचं असेल तेव्हा? प्रॉक्सी बनवायला वेळ कुठून आणशील? ऑडिओचे चॅनल जुळले नाहीत म्हणून प्रॉक्सी जोडलीच जात नाही, तेव्हा काय करतेस? याला माझ्याकडे उत्तर नाही. बातमीच्या कामाला तिचं खरं, सावकाश होणाऱ्या कामाला माझं.

"मग मॅक मिनी घ्यावा का?" हाही प्रश्न ठरलेला. अॅपलच्या एम१ पासूनच्या चिपना, म्हणजे २०२० पासून, हे १० बिट ४:२:२ एचईव्हीसी उलगडता येतं. लहानशा डब्याकडून एवढं काम होताना बघून मी स्वतः चकित झाले होते. पण त्यात रॅम नंतर वाढवता येत नाही. आज घेतली तेवढीच शेवटपर्यंत. ज्याला थोडे थोडे पैसे जमवत मशिन वाढवायचंय त्याला हे जाचतं, ज्याला एकदा घेऊन विसरायचंय त्याला नाही. तुम्ही यातले कोण, हे मला कसं कळणार?

बाकीचे भाग भराभर सांगते, कारण त्यांत माझं फारसं भांडण नाही. रॅम ३२ जीबी, दोन काड्यांत. एकच काडी घातली तर ड्युअल चॅनल (दोन्ही काड्या एकदम वापरणं) मिळत नाही, आणि आतल्या ग्राफिक्सवर काम असेल तर ते चांगलंच जाणवतं. १६ मध्ये एचडी होतं, फोर-केमध्ये ब्राउझर उघडा राहिला की घुसमट. स्वस्त क्यूएलसी प्रकारची एसएसडी मोठ्या कॉपीत सुरुवातीला पळते आणि कॅश (तिच्यातली वेगवान तात्पुरती जागा) भरली की रांगते. शूटचं मेमरी कार्ड उतरवताना हे कळतं, खोक्यावर छापलेल्या आकड्यावरून नाही. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावरचं '८० प्लस' वीज किती वाया जाते तेवढंच सांगतं, बाकी दर्जाची हमी नाही, तिथे काटकसर नको. ग्राफिक्स कार्डावर मेमरी ८ जीबीच्या खाली असेल तर फोर-के ग्रेडिंगचा नाद सोडा. आणि कार्ड 'नॉइज काढायला' घेत असाल तर आधी बघा की डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत नॉइज रिडक्शन नाहीच, ते स्टुडिओ आवृत्तीत आहे. मॉनिटरवर मात्र लोक उरलेसुरले पैसे टाकतात याचा मला राग येतो. त्वचेचा रंग ज्यावर बघून ठरवणार तीच गोष्ट सगळ्यात शेवटी?

मावसभावाने त्या प्रकरणातून एक नियम काढलाय आणि तो आता इतरांना सांगत असतो, "एफवाला प्रोसेसर अजिबात नको." याने मला आणखी वैताग येतो. ज्याचं फुटेज ८ बिट ४:२:० आहे आणि ज्याला कार्ड घ्यायचंच आहे, त्याच्यासाठी एफ एकदम योग्य, पैसे वाचतात. आणि ज्याचा कॅमेरा १० बिट ४:२:२ एच.२६४ मध्ये रेकॉर्ड करतो, एच.२६५ मध्ये नाही, त्याला अकराव्या ते चौदाव्या पिढीचं क्विक सिंकही वाचवत नाही, एफ असो वा नसो. मी हे सांगितलं तर तो म्हणतो, "ताई, लोकांना एवढं ऐकायचं नसतं. त्यांना एक ओळ हवी असते." आणि गंमत म्हणजे लोक त्याला परत परत विचारतात, मला एकदाच.

त्याचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही. ज्याने अजून काही शूटच केलेलं नाही, कॅमेराही घेतलेला नाही, तो फुटेज कुठून दाखवणार? शिकायला सुरुवात करणाऱ्याला मी 'आधी फाइल आण' म्हणाले तर तो परतच येणार नाही. अशांना हल्ली मी सांगते, आतलं ग्राफिक्स असलेला मधल्या फळीतला इंटेल घे, रॅम ३२ जीबी घे, मदरबोर्ड आणि एसएमपीएस पुढे कार्ड बसेल असे घे, आणि कार्डाची जागा सध्या रिकामी ठेव. काम कुठे अडतंय ते टास्क मॅनेजरमध्ये दिसलं की मग कार्ड घे, तोवर आणखी चांगलं आलेलं असेल. मावसभाऊ म्हणतो, हे अर्धवट मशिन घ्यायला सांगणं झालं, आणि तसंही ही एक यादीच आहे की.

अर्धवट आहे हे कबूल. यादी आहे हे कबूल नाही.