शिलाई कारखान्यातला पीएफ आणि ठेकेदाराकडे अडकलेली मंजुरी : माझा अनुभव

माझ्या भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे आपण सगळे ज्याला पीएफ म्हणतो त्याचे, पैसे अखेर माझ्या खात्यात जमा झाले. पण ज्या एका मंजुरीसाठी मला कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागले, तिचा राग अजून गेलेला नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे आणि तयार कपड्यांचे कारखाने आहेत. अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणीही 20 सप्टेंबर 2024 रोजी झाली आहे, त्यामुळे आमच्या भागातल्या आणखी कितीतरी मुली येत्या काळात शिलाईच्या लाइनवर बसतील. त्यांना माझ्यासारखे ताटकळावे लागू नये, म्हणून हे लिहीत आहे.

2019 मध्ये मी कामाला लागले, तेव्हा घरच्या पायमशीनवर ब्लाउज आणि परकर शिवण्याचा सराव होता; पण कारखान्यातले सिंगल नीडल मशीन मिनिटाला चार हजारांहून अधिक टाके घालते आणि पायाचा जरासा दाब जास्त पडला की कापड हातातून ओढून नेते. दोरा न ओवता कागदावर आखलेल्या रेषांवरून सुई चालवायची, कोपऱ्यावर नेमके थांबायचे, उजव्या गुडघ्याने प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, उचलायचा, हे हातात बसल्यावरच मला शर्टाच्या लाइनवर घेतले. पुढे मी कॉलरवर गेले. कॉलरची दोन्ही टोके सारखी निघणे हे शर्टातले अवघड काम समजले जाते, आणि माझ्या बंडलातले तुकडे चेकरकडून क्वचितच परत येत, म्हणून नव्या मुलींना शिकण्यासाठी माझ्या शेजारी बसवत असत. त्याचा मला अभिमान आहे.

त्या लाइनवरची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचा संबंध येतो. सुई तुटली की हातातले काम तिथेच थांबवून तिचा प्रत्येक तुकडा शोधावा लागतो, कारण एखादा तुकडा कपड्यात राहून गेला तर तो घालणाऱ्याच्या अंगाला लागेल आणि माल परत येईल. सापडलेले तुकडे एकमेकांना जोडून सुई पूर्ण झाल्याचे दाखवायचे, ते चिकटपट्टीने रजिस्टरच्या पानावर लावायचे, शेजारी मशीनचा क्रमांक आणि वेळ लिहून सही करायची, आणि मगच स्टोअरमधून नवी सुई मिळायची. ते रजिस्टर कंपनीचे होते आणि त्यातल्या अनेक पानांवर माझी सही आहे.

पगारचिठ्ठीवर दरमहा पीएफची कपात दिसत असे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 9,000 रुपये धरले, तर त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,080 रुपये, आपल्या पगारातून जातात आणि तेवढीच रक्कम मालकाने भरायची असते. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के, म्हणजे सुमारे 750 रुपये, पेन्शन योजनेकडे वळतात आणि उरलेले 330 रुपये पीएफमध्ये राहतात. म्हणून पीएफच्या पासबुकात मालकाचा हिस्सा आपल्यापेक्षा कमी दिसला तर लगेच फसवणूक झाली असे समजू नये. पेन्शनचा रकाना शेजारीच असतो, तो पाहावा.

2022 मध्ये माझे लग्न झाले. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव अशी दोन्ही बदलतात, त्याप्रमाणे माझे आधार कार्ड सासरच्या नावाने झाले आणि सासरच्या गावातल्या बँकेत खातेही त्याच नावाने उघडले. यूएएन, म्हणजे पीएफचा बारा अंकी क्रमांक, मात्र माहेरच्या नावाचा होता आणि तो तसाच राहिला. सासर दुसऱ्या तालुक्यात, तिथून कारखान्याच्या पाळीला जुळणारी एसटी नाही, म्हणून 2023 मध्ये मी काम सोडले. नोकरी सोडल्याची तारीख ठेकेदाराने भरली नव्हती, पण ती शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी आपली आपल्यालाच पीएफच्या पोर्टलवर, म्हणजे संकेतस्थळावर, 'मार्क एक्झिट' या पर्यायातून भरता येते, आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की ते काम घरबसल्या होते. इथपर्यंत काहीच अडले नाही.

अडले ते बँक खाते जोडताना. खाते सासरच्या नावाचे आणि यूएएन माहेरच्या नावाचा, त्यामुळे पडताळणी नामंजूर झाली. नाव दुरुस्त करायचे तर 'जॉइंट डिक्लरेशन', म्हणजे कामगार आणि मालक या दोघांचे संयुक्त निवेदन, द्यावे लागत असे. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे ते मी ऑनलाइन भरले, आधार आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडले. पण ते थेट पीएफ कार्यालयाकडे जात नव्हते. आधी ते मालकाच्या लॉगिनमध्ये पडायचे, मालकाने मंजूर केल्यावरच पुढे सरकायचे. तिथे मला कळले की पीएफच्या दप्तरी माझा मालक कारखाना नव्हताच. ओळखपत्रावर कंपनीचे नाव, मशीन कंपनीचे, सुपरवायझर कंपनीचा, पण मला ज्याच्यामार्फत घेतले होते तो मजूर पुरवणारा ठेकेदार हाच कागदावरचा मालक होता.

ठेकेदाराचे कार्यालय शहरात, एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर होते. पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलामागच्या मुलाने संगणकाकडे पाहून सांगितले, "ताई, तुमची रिक्वेस्ट इथं दिसून नाही राहिली." मी मोबाइलवर अर्जाची स्थिती उघडून दाखवली, त्यात अर्ज मालकाकडे प्रलंबित असल्याचे स्पष्ट लिहिले होते. त्याने ते वाचले, मान हलवली आणि साहेब बाहेरगावी असल्याचे सांगून पुढच्या सोमवारी यायला सांगितले. पुढच्या खेपेला अर्ज दिसत होता, पण साहेबांच्या डिजिटल सहीची मुदत संपली होती. त्यानंतर सहीचे नूतनीकरण करणारा माणूस आला नव्हता. त्यानंतर मूळ अर्जाची छापील प्रत हवी होती, ती मी दिली. मग तीच प्रत त्यांच्याकडे सापडत नव्हती, म्हणून पुन्हा दिली.

माझ्यासाठी शहरात जाणे म्हणजे पूर्ण दिवस जाणे होते. लेकरू जावेकडे सोपवायचे, सकाळची एसटी गाठायची, दुपारी त्या मुलाचे जेवण होईपर्यंत जिन्यात थांबायचे आणि संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून उत्तर न घेताच निघायचे. कापूस वेचणीच्या हंगामात तर तितक्या दिवसांची मजुरी सरळ बुडाली. ज्या मंजुरीला त्या टेबलावर बसलेल्या माणसाला पाच मिनिटेही लागली नसती, तिच्यासाठी एखाद्या बाईचे दिवसच्या दिवस घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

एके दिवशी त्या मुलाने कंपनीचे पत्र आणायला सांगितले, म्हणजे मी तिथे काम करत होते याचा दाखला. मी कारखान्याच्या फाटकावर गेले. ज्या फाटकातून मी इतकी वर्षे आत गेले, तिथल्या पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून बाहेर थांबले. सुरक्षारक्षकाने आतल्या कार्यालयाला फोन जोडून दिला आणि पलीकडून उत्तर आले, "तुम्ही आमच्या कामगार नाही, ठेकेदाराच्या आहात. पत्र त्यांच्याकडूनच घ्या." ठेकेदार कंपनीकडे पाठवतो आणि कंपनी ठेकेदाराकडे. तुटलेल्या सुईच्या एवढ्याशा तुकड्यासाठी माझी सही घेणारी, माझ्या हातच्या कॉलरीचे शर्ट बाहेर पाठवणारी जागा मला कामगार मानायलाच तयार नव्हती. त्या दिवशी परतीच्या एसटीत माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते पैशासाठी नव्हते.

घरी सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना व ते पैसे, किती हेलपाटे घालशील?" त्या माझ्या काळजीपोटीच बोलत होत्या. गावाजवळच्या एका नेट कॅफेवाल्याने रकमेतला हिस्सा घेऊन काम करून देण्याची तयारी दाखवली. मी नाही म्हटले आणि इतरांनीही नाहीच म्हणावे. अशा लोकांच्या हाती यूएएनचा पासवर्ड आणि ओटीपी गेला की आपले खाते आपल्या ताब्यात राहत नाही.

वाट निघाली ती ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा शिवणाऱ्या मशीनवर, बसणाऱ्या माझ्या एका जुन्या मैत्रिणीमुळे. तिच्याकडून मला कळले की कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधि आपके निकट' नावाचे शिबिर घेते, आणि 27 ला सुट्टी असेल तर ते कामकाजाच्या पुढच्या दिवशी होते. मी सगळे कागद घेऊन गेले: यूएएन, आधार, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पगारचिठ्ठ्या, पासबुकाची छापील प्रत, आणि अर्ज कोणत्या तारखेपासून ठेकेदाराकडे पडून आहे ते दाखवणारे पान. तिथल्या अधिकारी बाईंनी मला खुर्चीवर बसवून सगळे शांतपणे ऐकून घेतले, लेखी तक्रार घेतली, संघटनेच्या तक्रार पोर्टलवर ती नोंदवून नोंदणी क्रमांक दिला आणि माझ्यासमोरच ठेकेदाराच्या कार्यालयाला फोन लावला. ठेकेदाराच्या कामगारांचा पीएफ भरला जातो की नाही, याची अंतिम जबाबदारी कायद्याने मुख्य मालकाची, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याची, असते हेही मला तिथेच समजले. फाटकावर मला जे ऐकवले गेले, त्याचे उत्तर त्या नियमात होते.

त्याच आठवड्यात मंजुरी आली. सही संपली होती, साहेब बाहेरगावी होते, प्रत सापडत नव्हती, यातले काहीच मग आड आले नाही. मंजुरीचा संदेश मोबाइलवर वाचला तेव्हा मी शेतात होते आणि माझा स्वतःचा विश्वास बसावा म्हणून तो जावेला मोठ्याने वाचून दाखवला.

त्यानंतर पीएफ कार्यालयाने नाव बदलले, बँक खाते जोडले गेले आणि मी दोन अर्ज केले: पीएफसाठी फॉर्म 19 आणि पेन्शनच्या रकमेसाठी फॉर्म 10 सी. हे दोन्ही वेगवेगळे करावे लागतात. फक्त पहिला भरून पेन्शनची रक्कम तशीच राहू दिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. नोकरीची दहा वर्षे पूर्ण झाली असतील तर मात्र पेन्शनची रक्कम अशी काढता येत नाही, पुढे पेन्शनच मिळते. नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी आणि पीएफची रक्कम 50,000 रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर कर कापला जातो. पॅन जोडलेला असेल तर 10 टक्के. आपले उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर अर्जासोबत तसे सांगणारा फॉर्म द्यावा, म्हणजे ती कपात टळते; मी अर्ज केला तेव्हा तो फॉर्म 15 जी होता. मी तो दिला होता.

ज्या मंजुरीसाठी मला इतके फिरावे लागले, ती जानेवारी 2025 पासून अनेकांना लागतच नाही. ज्यांचा यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतर निघाला आहे आणि आधारशी पडताळलेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख अशा दुरुस्त्या मालकाशिवाय स्वतः करता येतात. कोणी आजही तुम्हाला अशा दुरुस्तीसाठी ठेकेदाराकडे जायला सांगत असेल, तर आधी आपला यूएएन कधी निघाला ते पाहा. एप्रिल 2025 पासून दाव्यासोबत चेकचा किंवा पासबुकाचा फोटो जोडण्याची अटही काढली आहे. मी काम सोडले तेव्हा पूर्ण रक्कम काढण्यासाठी दोन महिने बेरोजगार असणे पुरेसे होते. ऑक्टोबर 2025 मध्ये संघटनेच्या विश्वस्त मंडळाने ही मुदत बारा महिने आणि पेन्शनच्या रकमेसाठी छत्तीस महिने करण्याचा, आणि शिलकीतला मोठा भाग आधीच काढू देण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे अर्जाच्या दिवशी पोर्टलवर काय लागू आहे ते पाहूनच रक्कम ठरवावी.

खाते विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे, की ती बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड चालतो का, हे शाखेत विचारूनच तो पोर्टलवर भरावा.

काम चालू असतानाच करून ठेवण्याच्या गोष्टी मात्र आणखी मोलाच्या आहेत. लग्न होऊन आधारवरचे नाव बदलले की त्याच महिन्यात यूएएनवरचेही बदलून घ्यावे. कंपनीने ठेकेदार बदलला तर नवा ठेकेदार नवा यूएएन काढत नाही ना, जुनाच जोडतो ना, हे पाहावे, आणि आधीच्या ठेकेदाराकडची रक्कम फॉर्म 13 ने नव्या खात्यात वळवून घ्यावी. आणि कामाला लागताच ठेकेदाराचा पीएफचा आस्थापना क्रमांक विचारून घ्यावा. संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. तिथे तो क्रमांक टाकला की त्या ठेकेदाराने कोणत्या महिन्यात किती कामगारांचे पैसे भरले हे दिसते. लाइनवर पन्नास जणी बसत असतील आणि तिथे वीसच दिसत असतील, तर 27 तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी पोर्टलवर तक्रार नोंदवावी.