ही चाळच ना हो?

घराचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की पुण्या-मुंबईहून हमखास हाच प्रश्न येतो. ब्रिटनमधल्या साउथ वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यातल्या एका गावात आम्ही राहतो, आणि आमचं घर एका लांबलचक रांगेतलं आहे. भिंतीला भिंत, खिडक्या सारख्या, धुराडीसुद्धा सारखी. तेव्हा विचारणाऱ्याचं चुकत नाही. तरी माझं उत्तर 'नाही' असंच असतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

फरक दाराचा आहे. लालबाग-परळच्या चाळीत जिना सगळ्यांचा, गॅलरी सगळ्यांची, नळ आणि संडासही सगळ्यांचे. आपली म्हणून असते ती खोली. इथे प्रत्येकाचं दार थेट रस्त्यावर उघडतं, जिना घरातच, वर निजायच्या खोल्या, मागे चिंचोळं परस आणि परसाच्या टोकाला पूर्वी संडास. इवलंसं का असेना, पण अख्खं घर. आणि कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या माणसाचं ते पुष्कळदा स्वतःच्या मालकीचं असायचं.

मजुराला हे परवडलं कसं? १८५१ मध्ये ऱ्होंडात जेमतेम हजार-दोन हजार माणसं होती. कोळशामागोमाग माणसं आली आणि १९११ मध्ये लोकसंख्या दीड लाखाच्या वर गेली. काही रांगा खाणमालकांनी बांधल्या, पण कितीतरी रांगा 'बिल्डिंग क्लब'च्या. हा प्रकार म्हणजे आपली भिशीच. शेजारीपाजारी एकत्र यायचे, दरमहा वर्गणी भरायचे, गहाणावर कर्ज काढून रांग बांधायला घ्यायचे, आणि कुणाला कुठलं घर हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. कर्ज फिटलं की क्लब बरखास्त. मला तर वाटतं, घरं एकसारखी असण्यात चिठ्ठीचाही हात असणार. कुठलंही घर वाट्याला आलं तरी कुणी कुरकुरायला नको!

मेख होती जमिनीत. जमीन जमीनदाराची, बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुदती संपत आल्या, तेव्हा आजोबांनी बांधलेलं घर जमिनीबरोबर जमीनदाराकडे जाणार हे नातवंडांना उमगलं. त्यावरून वेल्समध्ये चांगलंच रान पेटलं. शेवटी १९६७ च्या कायद्याने अशा घरमालकांना खालची जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला.

बाकीचं रूप डोंगराने ठरवलं. खोरं अरुंद, तळाशी नदी, रूळ आणि खाण. उरलेल्या उतारावर रांगा आडव्या बसवल्या. जिथे रस्ता उभा चढतो तिथे प्रत्येक घर शेजारच्याहून थोडं वर, त्यामुळे छपरंही पायरीपायरीने चढतात. उतार फारच असला तर घर पुढून दुमजली आणि मागून तिमजली दिसतं. दगड त्याच डोंगरातला: पेनन्ट नावाचा करडा-निळा वालुकाश्म, अधूनमधून गंजासारखी तपकिरी झाक असलेला. तो इतका कठीण की त्याच्या कडा काटकोनात घडवायच्या म्हणजे मजुरी वाढली. म्हणून दारं-खिडक्यांभोवती लाल किंवा पिवळ्या विटांची चौकट. पाहुणे तिला नक्षी म्हणून वाखाणतात. मुळात ती काटकसर आहे, दिसते छान हे खरंच. छपरावर स्लेट, वेल्समधलीच.

याहून जुनं पाहायचं असेल तर मी पाहुण्यांना कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स संग्रहालयात नेते. लोखंडाच्या कारखान्याचे मालक रिचर्ड क्रॉशे यांनी १७९५ च्या सुमारास मर्थर टिडफिलमध्ये खाणकामगारांसाठी बांधलेल्या रांगेतली सहा घरं तिथे दगड न् दगड उचलून आणून पुन्हा उभी केली आहेत. गंमत म्हणजे सहाही घरं वेगवेगळ्या काळात सजवलेली: पहिलं १८०५ चं, शेवटचं १९८५ चं. सांगाडा तोच, एका दारातून बाहेर पडून शेजारच्यात शिरलं की तीस ते पन्नास वर्षं उलटतात. खाली चुलीची एक खोली, मागे लांब उतरत्या छपराखाली आणखी एक बारकी, वर निजायची. किल्ले सगळेच बघतात. एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी हेच सांगेन.

ऱ्होंडाच्या घरांत पुढची खोली मात्र मानाची. पाद्री आला तर तिथे, मयत झालं तर तिथे. रोजचं जगणं मागच्या स्वयंपाकघरात. खाणीवर न्हाणीघरं होईपर्यंत, म्हणजे बऱ्याच ठिकाणी १९३० च्या दशकापर्यंत, काळाठिक्कर होऊन आलेला माणूस तिथेच शेगडीपुढे पत्र्याच्या टबात अंघोळ करायचा. पाणी तापवायचं आणि उपसायचं काम अर्थातच बायकांचं. घरात दोन-तीन कमावते पुरुष वेगवेगळ्या पाळ्यांत असले तर घरच्या बाईच्या दिवसाचं काय होत असेल, हे वास्तुकलेच्या पुस्तकांत सापडत नाही.

दुसरा प्रश्न ओलीचा. 'दगडी घर, भिंती गळत नाहीत?' आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर तुळशीची कुंडी आरामात मावते, इतकी भिंत जाड. पण ती चुन्यात बांधलेली आहे. जुना चुना नखाने खरवडला तर भुगा होतो, म्हणून त्याला कमअस्सल समजू नका. भिंतीत शिरलेला पाऊस तोच बाहेर सोडतो. आधीच्या कुणीतरी सांध्यांत सिमेंट भरलं, तेव्हा पाणी आत अडकलं आणि खोलीच्या बाजूचा गिलावा फुगायला लागला. आता ते सिमेंट छिन्नीने काढून परत चुना भरून घेतोय. हे काम जाणणारा गवंडी मिळायला वाट बघावी लागते, आणि गोठणाऱ्या थंडीत चुना धरत नाही. त्यामुळे पुढची भिंत झाली आहे, मागची उन्हाळ्यात.