तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या इथलं फ्रेंच

पुण्यात फ्रेंच शिकून कॅनडाला यायच्या तयारीत असलेली मंडळी मला हमखास विचारतात, "तुमच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात म्हणे मोडकंतोडकं फ्रेंच बोलतात. मुलांची भाषा बिघडणार नाही ना?"

मोडकंतोडकं मुळीच नाही. ते जुनं आहे, आणि ते टिकलं कसं हे ऐकलंत तर 'बिघडणं' हा शब्द तुमच्या तोंडी येणार नाही.

इथले फ्रेंच बोलणारे लोक अकादियन. शेजारच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातले नव्हेत. फंडीच्या उपसागरावर पोर्ट रॉयलला फ्रेंचांनी १६०५ मध्ये ठाणं घातलं, क्वेबेक शहराच्या तीन वर्षं आधी. पुढे कुटुंबं आली, त्यांतली बरीच पश्चिम फ्रान्समधली. या उपसागराची भरती-ओहोटी जगात सर्वांत मोठी. तरी त्यांनी जंगल तोडण्याऐवजी खाजणं निवडली. मातीचा बांध घालायचा, त्याच्या पोटातून लाकडी नळी काढायची आणि आत एक झुलती फळी टांगायची. ओहोटीला आतलं गोडं पाणी फळी ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्राच्याच रेट्याने फळी बंद होते. आपल्या कोकणात खारबंदिस्तीला उघाडी असते, तसंच हे. त्याला ते 'आबुआतो' म्हणतात. दोन-तीन वर्षांच्या पावसाने मीठ धुऊन निघालं की तिथे गहू डोलायचा.

ही जमीनच ब्रिटिशांच्या नजरेत भरली. १७१३ च्या तहाने मुलूख ब्रिटिशांकडे गेला. अकादियनांनी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला. ५ सप्टेंबर १७५५ ला ग्रां-प्रे गावच्या चर्चमध्ये पुरुषांना बोलावून ब्रिटिश फौजेच्या कर्नल विन्स्लोने हुकूम वाचून दाखवला: जमीन, गुरं सरकारजमा, तुम्ही हद्दपार. पुढच्या आठ वर्षांत दहा हजारांहून अधिक माणसं जहाजांत कोंबून पाठवली गेली. हजारो मेली. काही फिरत फिरत आज अमेरिकेत असलेल्या लुइझियानाला पोचली, तेच आजचे केजन. जे परत आले त्यांच्या शेतांत दुसरेच राहत होते. मग त्यांनी किनारा धरला आणि मासेमारी पत्करली.

भाषेत हे सगळं आजही ऐकू येतं. इथे बुटाची नाडी बांधायलाही जहाज धक्क्याला बांधायचं क्रियापद चालतं: 'आमारे'. माझ्या शेजारच्या आजी लगतच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सेंत मारी उपसागराकडच्या. 'आम्ही बोलतो' याला त्या 'झ पार्लों' म्हणतात. 'झ' म्हणजे 'मी', म्हणून आपल्याला वर्गात हे चूक म्हणून खोडून देतात. सतराव्या शतकातल्या मोलिएरच्या नाटकांतले खेडूत मात्र असंच बोलतात. पॅरिसने ते टाकलं, यांनी राखलं. मला त्या बोलण्याचं फार अप्रूप आहे.

आमच्या प्रांतातल्या मंक्टन शहराच्या परिसरातल्या तरुणांची 'शियाक' ही बोली वेगळी. त्यात इंग्रजी क्रियापदांना फ्रेंच प्रत्यय लागतात: 'जे पार्के मों कार', म्हणजे 'मी माझी गाडी पार्क केली'. मास्तर लोक नाकं मुरडतात. मला विचाराल तर, चहूकडून इंग्रजी असताना व्याकरण फ्रेंचच राहिलं, हे विशेष. या शहराचं नाव ज्या मंक्टन नावाच्या अधिकाऱ्यावरून पडलं, त्यानेच १७५५ मध्ये या भागातल्या लोकांना हाकललं होतं. १९६३ मध्ये स्थापन झालेलं अकादियनांचं विद्यापीठही तेच नाव लावतं, आणि ते अनेकांना बोचतं. अकादियन लेखिका आंतोनीन माये हिला याच लोकभाषेच्या बळावर १९७९ चं गोंकूर हे फ्रान्समधलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालं.

तेव्हा मुलांना खुशाल इथल्या फ्रेंच शाळेत घाला. १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपलं की रस्त्यावर या. १८८१ पासून तोच अकादियनांचाही राष्ट्रीय दिन आहे आणि त्या दिवशी म्हातारेकोतारेसुद्धा पातेली बडवत मिरवणुकीत असतात. परीक्षेपुरतं पुण्यात शिकलेलं व्याकरण पुरेल, ते सोडू नका. फक्त दुकानात कुणी 'झ पार्लों' म्हणालं तर सुधारायला जाऊ नका.