केंद्रकातून बाहेर : दारात १८० मिलिसेकंद, तयारीत कितीतरी जास्त

मी बीटा-ॲक्टिनचा एमआरएनए, म्हणजे ॲक्टिन हे प्रथिन बनवायची कृती डीएनएवरून उतरवून बाहेर नेणारी नक्कल. मुक्काम पोस्ट उंदराची फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतली) पेशी. शाळेच्या निबंधातल्या ‘मी नदी बोलतेय’च्या चालीवर हे वाचू नका. नुकताच केंद्रकातून पेशीद्रवात उतरलोय, अंगावरची धूळही झटकलेली नाही. मागून येणाऱ्यांना कामाला येईल तेवढं लिहून ठेवतो.

निघण्याआधी सगळे केंद्रकछिद्राची, म्हणजे केंद्रकाच्या भिंतीतल्या दाराचीच भीती घालतात. खरं तर दार सगळ्यात झटपट उरकतं. रखडायला होतं ते सामानाच्या बांधाबांधीत, आणि फसतातही तिथेच.

डीएनएवरून नक्कल उतरायला लागून जेमतेम २०-३० अक्षरं (साखळीतले घटक) झाली की डोक्यावर टोपी चढते. टोपीवर सीबीसी ही प्रथिनांची जोडी येऊन बसते. तिला हुसकावू नका, पुढच्या ओळखी तीच काढून देते. मग इंट्रॉन, म्हणजे कृतीत नको असलेले मधले तुकडे, कापायचे आणि उरलेले भाग जोडायचे. माझ्यात पाच होते. प्रत्येक जोडाच्या साधारण २४ अक्षरं अलीकडे ईजेसी या प्रथिनसमूहाचा एक शिक्का बसतो, म्हणजे माझ्या अंगावर पाच. शेवटी ‘ए’ अक्षरांची शेपटी, दोनशेच्या आसपास. एवढं झालं की ट्रेक्स नावाचं प्रथिनांचं टोळकं टोपी आणि शिक्के पाहून अंगाला चिकटतं आणि आपल्याला एनएक्सएफ१ या वाटाड्याच्या हवाली करतं. इंट्रॉन पोटात ठेवून पुढे सटकायचा विचार असेल तर सोडून द्या. तसल्यांना बहुतेक आतच अडवतात, आणि आरएनए कुरतडणाऱ्या एक्सोसोमच्या तावडीत सापडलात तर तुकडेच. एचआयव्हीचा आरएनए न कापताही निसटतो, पण त्याची रेव्ह प्रथिनामार्फत सीआरएम१ या दुसऱ्या वाटाड्याशी आधीच वशिलेबाजी असते. आपली तेवढी पोच नाही.

सीआरएम१वरून आठवलं. रांगा चुकवू नका. निर्यातीची खूण असलेली प्रथिनं सीआरएम१बरोबर जातात, टीआरएनए (रायबोसोमला अमिनो आम्लं पुरवणारे) एक्सपोर्टिन-टीबरोबर, मायक्रोआरएनएची (जनुकांना आवर घालणाऱ्या छोट्या आरएनएंची) कच्ची पोरं एक्सपोर्टिन-५बरोबर. या सगळ्यांना रॅन-जीटीपीचा (जीटीपी रेणू धरलेल्या रॅन प्रथिनाचा) पास लागतो. आपल्या वाटाड्याला तो लागत नाही. म्हणून कोणी पेशीत लेप्टोमायसिन बी हे सीआरएम१ला रोखणारं रसायन ओतलं की सीआरएम१ची खिडकी बंद पडते, आपल्यापैकी बहुतेकांची वाट मात्र चालू राहते.

केंद्रकात दारापर्यंत जायला वाहन नाही. क्रोमॅटिनच्या (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या) गर्दीतून, बोळाबोळातून धक्के खात, दिशा नसलेलं भटकायचं. मी पहिल्या छिद्राशी पोचलो, त्याच्या आतल्या तोंडाशी लोंबणाऱ्या धाग्यांच्या टोपलीला थोडा वेळ लटकलो आणि परत आत भिरकावला गेलो. मनाला लावून घेऊ नका, खूपजणांचं असंच होतं. दुसरं छिद्र शोधा.

आता ते छिद्र. आठ सारख्या पाकळ्यांचं बांधकाम, साधारण ३० प्रकारची प्रथिनं, एकूण नग हजाराच्या घरात. आतल्या बाजूला आठ धाग्यांची टोपली लोंबते. किल्ल्याच्या दिंडी दरवाजासारखं काही असेल असं वाटलं होतं. पण फळी नाही, अडसर नाही. नुसते फेनिलॲलनीन-ग्लायसीन या अमिनो आम्लांच्या जोड्या पेरलेले सैल प्रथिनधागे, जाळ्यासारखे. साधारण ४० किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं माप) च्या आतली चिल्लर मंडळी त्यातून सहज गळून जाते. मी उघडाच ६०० किलोडाल्टनच्या आसपास, वर एवढा लवाजमा. एनएक्सएफ१ त्या धाग्यांना हलकेच चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. आपण त्याच्या जिवावर सरकायचं. कुणी ढकलत नाही, ओढतही नाही.

२०१० मध्ये डेव्हिड ग्रुनवाल्ड आणि रॉबर्ट सिंगर यांनी उंदराच्या पेशींमध्ये आमच्याच भाऊबंदांची वेळ मोजली होती. एकूण सुमारे १८० मिलिसेकंद: टोपलीपाशी ८०, मधल्या बोगद्यात फक्त ५ ते २०, आणि बाहेरच्या तोंडाशी पुन्हा ८०. बोगदा कधी संपला हे मलाही कळलं नाही. खोळंबा दोन्ही उंबऱ्यांवर.

बाहेरच्या उंबऱ्यावरचा खोळंबा फुकटचा नाही. तिथे डीडीएक्स१९ हे प्रथिन टोलवाल्यासारखं बसलेलं असतं, शेजारी त्याला चालना देणारा जीएलई१. इथे एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, मोजावा लागतो आणि वाटाडा अंगावरून उतरवला जातो. मला आधी हा टोल अन्यायाचा वाटला. प्रवास झाल्यावर कसला टोल? पण एनएक्सएफ१ अंगावर राहिला असता तर ज्या धाग्यांतून आलो त्यांतूनच परत आत घसरलो असतो. धागे दोन्ही दिशांना सारखेच मऊ आहेत. प्रवास एकेरी होतो तो या टोलनाक्यामुळे. उतरलेला वाटाडा पुढच्या गिऱ्हाइकासाठी आत परततो.

व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूचा संसर्ग झाला असेल तर मात्र निघूच नका. त्याचं एम प्रथिन छिद्रातल्या आरएई१ आणि एनयूपी९८ या प्रथिनांच्या जोडीला धरून बसतं आणि आपली वाट तुंबते.

पुढचा टप्पा फक्त बीटा-ॲक्टिनवाल्यांसाठी. आपल्या शेपटीकडच्या भागात ५४ अक्षरांचा पिनकोड आहे. तो वाचणारं झेडबीपी१ हे प्रथिन आतूनच सोबत घ्या. तो पेशीच्या पुढे सरकणाऱ्या कडेपर्यंत नेतो आणि वाटेत रायबोसोमना (कृती वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्रांना) हात लावू देत नाही. कडेला सार्क नावाचं एन्झाइम त्याच्यावर फॉस्फेट चढवतं, तेव्हा कुठे तो पकड सोडतो.

मग पहिला रायबोसोम आला आणि चालता चालता ईजेसीचे शिक्के एकेक पाडत गेला. ‘थांबा’चं चिन्ह शेवटच्या शिक्क्याच्या बरंच आधी आलं असतं तर मला सदोष ठरवून तिथेच मोडीत काढलं असतं. माझं त्याच्या पुढे होतं. पाचवा शिक्का गळाला, आणि ३७५ अमिनो आम्लांचं पहिलं ॲक्टिन माझ्यावरून सुटलं.